घाटातला हाफ क्लच, आधी खुर्चीत

सपाटीवर मी गाडी बरी चालवायचे. पण वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. चढावर थांबलेली गाडी उचलताना मागे सरकली तर?

मग रात्री खुर्चीत बसून, डोळे मिटून सराव सुरू केला. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच हळूहळू अर्धवट सोडायचा, हाच हाफ क्लच. इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट किंचित उचललं की अ‍ॅक्सिलरेटर, मग हँडब्रेक खाली. पाय खरंच हलवायचे, घाई नाही. (घरच्यांना करमणूक झाली, ते सोडा.)

नुसतं 'सगळं छान झालं' असं बघून मात्र उपयोग नाही. 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये 200 मीटर बटरफ्लाय पोहताना मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी भरलं, तरी हाताचे फटके मोजत त्याने सुवर्ण जिंकलं. बिघाडाचीही तालीम तो आधीच मनात करायचा. म्हणून मीही मागे ट्रक कर्कश हॉर्न वाजवतोय आणि गाडी बंद पडलीय, असं डोळ्यांसमोर आणलं: ब्रेक, हँडब्रेक, क्लच दाबून पुन्हा स्टार्टर.

शेजारी जाणतं माणूस बसवून खऱ्या चढावर हात बसवलाच; त्याला पर्याय नाही. घाटात एका वळणावर गाडी बंद पडलीच. मागून हॉर्न. पाय आपोआप ब्रेकवर गेला.