विमानाचे तास कसे धरायचे आणि ती दोन वेगळी तिकिटं (परदेशात नवीन आलेल्यांसाठी)

नवीन मंडळी पहिलं तिकीट काढताना दोन विमानतळांमधलं अंतर बघतात, ९०० ने भागतात आणि "एवढेच तास लागतील" म्हणून मोकळी होतात. विमान वर ताशी ८५०-९०० किमीने जातं हे खरं, पण दिसतं ते अंतर पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात जवळचं असतं, आणि विमान काही नेमकं त्याच रेषेवरून जात नाही. २०२२ पासून युरोपच्या बऱ्याच एअरलाइन्सना रशियावरून जाता येत नाही, त्यामुळे जपानच्या फ्लाइट कितीतरी लांबल्यात. शिवाय जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. लंडनहून न्यूयॉर्क सुमारे ५,५५० किमी, जाताना आठ तासांच्या आसपास, येताना साधारण सात. म्हणून येण्याजाण्याचे तास सारखे धरू नका.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात, त्यामुळे वजाबाकी करत बसू नका, खाली लिहिलेले एकूण तास बघा. युरोपचं घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातं, अमेरिकेचं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, मधल्या दिवसांत दोन्हींमधला नेहमीचा फरक तासाने बदलतो.

आता मुद्द्याचं. थोडे पैसे वाचतात म्हणून मधल्या विमानतळापर्यंत एक तिकीट आणि पुढचं दुसऱ्या एअरलाइनचं वेगळं, असं करू नका. दरवर्षी कोणीतरी करतंच, आणि ग्रुपवर सल्ला देणारे आपलेच लोक असतात, "दोन तास खूप झाले, माझं झालं होतं." त्यांचं झालं असेल. पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्या एअरलाइनच्या दृष्टीने तुम्ही आलाच नाहीत, तिकीट गेलं, आणि त्याच तिकिटावर परतीचा प्रवास असेल तर बहुतेक वेळा तोही गेला. बॅगा सहसा पुढे जात नाहीत, त्या घ्यायला इमिग्रेशन पार करून बाहेर यावं लागतं, म्हणजे बऱ्याचदा त्या देशाचा व्हिसा हवा! एका पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर असाल तर विमान चुकल्यावर पुढची सोय एअरलाइन बघते, वेगळ्या तिकिटांवर काउंटरवरचा माणूस अतिशय गोड बोलून नवीन तिकिटाचे पैसे मागतो. इथे गयावया करून नियम वाकत नाही, आणि मला विचाराल तर ते बरंच आहे, फक्त आपल्याला ते पहिल्यांदा कळतं ते रात्री दोन वाजता.

अमेरिकेतून पुढे जायचं असेल तर एकाच तिकिटावरही पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन होतं आणि सहसा बॅगाही घेऊन परत द्याव्या लागतात, तिथे तीन तास तरी ठेवा. विमानतळाचं नावही नीट वाचा, नारिता आणि हानेदा दोन्ही टोकियोच, पण एकातून दुसऱ्यात जायला बसने तास-दीड तास सहज जातो.

जेट लॅग होतोच, उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी इंटरव्ह्यू ठेवू नका.

चेक-इनला बॅगेला टॅग लावला की त्यावरचा तीन अक्षरी कोड तिथेच वाचा. शेवटच्या गावाचा नसेल, मधल्याच विमानतळाचा असेल, तर बॅग कुठे घ्यायची ते काउंटर सोडायच्या आधी विचारून घ्या.