लेक काउंटीत नवीन आलात? आधी नकाशावरच्या रेषा बघा, मग तळं

आईला फोनवर पहिल्यांदा सांगितलं की आम्ही लेक काउंटीत जातोय, तर ती म्हणाली, लेकीची काउंटी आहे का, मग चांगलीच असणार. तिला शब्द कळला नव्हता पण बोलली ते खरं निघालं. शिकागोच्या उत्तरेला, कुक काउंटी संपली की थेट विस्कॉन्सिनच्या सीमेपर्यंतचा हा पट्टा, पूर्वेला लेक मिशिगन, वायव्येला चेन ओ लेक्स म्हणजे एकमेकींना जोडलेल्या तळ्यांची साखळी, आणि मध्ये छोटी छोटी गावं, ज्यांना इथे व्हिलेज म्हणतात. २०२० च्या जनगणनेत सव्वासात लाखाला थोडी कमी वस्ती. फार्मा किंवा आयटीतली नोकरी लागून दर महिन्याला कुणी ना कुणी मराठी घर इथे येतं आणि तेच तेच प्रश्न विचारतं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

सगळ्यात आधी घर, कारण इथे पत्ता म्हणजे सगळं. आपल्याला सवय असते की गावाचं नाव कळलं म्हणजे झालं, इथे तसं अजिबात नाही. पोस्टाच्या पत्त्यात जे गाव लिहिलेलं असतं ते एक, नगरपालिका दुसरी, शाळेचा डिस्ट्रिक्ट तिसरा, पार्क डिस्ट्रिक्ट चौथा, लायब्ररी डिस्ट्रिक्ट पाचवा, शिवाय टाऊनशिप असते ती वेगळीच, आणि या सगळ्यांच्या सीमा एकमेकींना कापत जातात. इलिनॉयमध्ये बऱ्याच ठिकाणी आठवीपर्यंतचा डिस्ट्रिक्ट वेगळा आणि हायस्कूलचा वेगळा असतो. व्हर्नन हिल्सचंच बघा, गावाचा काही भाग लिंकनशायरच्या स्टीव्हन्सन हायस्कूलला जातो आणि बाकीचा व्हर्नन हिल्स हायस्कूलला, एकाच गावात दोन दिशा. बफेलो ग्रोव्ह तर दोन काउंट्यांत विभागलेलं आहे, त्यामुळे कुकच्या बाजूला घर घेतलं की हायस्कूल बदलतं, सेल्स टॅक्स बदलतो, प्रॉपर्टी टॅक्सची बिलं पाठवणारं ऑफिसही बदलतं. म्हणून जाहिरातीत शाळेचं नाव लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, नेमका पत्ता घेऊन डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला फोन करा आणि विचारा, दोन मिनिटांचं काम आहे. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने हे न करता वर्षाचं लीज साइन केलं आणि मुलगी ज्या शाळेसाठी आणली ती शाळा रस्त्याच्या पलीकडच्या लोकांची निघाली, वर्षभर त्या पोरीला रोज समोरच्या मुलांची बस बघत थांबावं लागलं. मला अजून वाईट वाटतं.

दुसरा प्रश्न कुणी विचारतच नाही, तो म्हणजे नळाला पाणी कुठलं. लिबर्टीव्हिल, मंडेलाइन, व्हर्नन हिल्स, गर्नी, ग्रेसलेक अशा बऱ्याच गावांना लेक मिशिगनचं पाणी येतं, लेक ब्लफला शुद्ध होऊन. पण लॉंग ग्रोव्हसारख्या भागात घरोघरी स्वतःची विहीर आहे, म्हणजे बोअरच. विहिरीचं पाणी वाईट नसतं पण जड असतं, सॉफ्टनर लागतो, त्यात मीठ भरत राहावं लागतं, आणि लाइट गेली की पंप बंद म्हणजे पाणीही बंद, हे आपल्याकडच्या लोकांना लगेच कळेल. विहीर असेल तिथे बहुतेक सेप्टिक टँकही असतो, तो दर काही वर्षांनी उपसून घ्यावा लागतो. घर आवडलं असेल तर जरूर घ्या, फक्त आधी पाण्याची टेस्ट करून घ्या.

आणि बेसमेंट. डेस प्लेन्स नदी काउंटीच्या मधून उत्तर-दक्षिण वाहते आणि २०१७ च्या जुलैमध्ये तिने जो पूर आणला तो इथली जुनी माणसं अजून सांगतात. बेसमेंटमध्ये साठणारं पाणी बाहेर फेकणारा सम्प पंप आहे का, त्याला बॅटरी बॅकअप आहे का, हे घर बघतानाच विचारा, कारण वादळात लाइट जाते आणि नेमका तेव्हाच पंप लागतो. साध्या होम इन्शुरन्समध्ये पुराचं नुकसान येत नाही, त्यासाठी वेगळी पॉलिसी असते आणि सरकारी फ्लड पॉलिसी साधारणपणे घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होते, तेव्हा आभाळ भरून आल्यावर घेऊन उपयोग नाही.

टॅक्सचं स्पष्ट सांगतो, इथला प्रॉपर्टी टॅक्स जास्त आहे, गावाप्रमाणे घराच्या किमतीच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपास दरवर्षी. बिल मागच्या वर्षाचं असतं, दोन हप्त्यांत भरायचं, पहिला जूनच्या सुरुवातीला आणि दुसरा सप्टेंबरच्या. घर घेतलं की टाऊनशिप असेसरच्या, म्हणजे टॅक्ससाठी घराची किंमत ठरवणाऱ्याच्या, ऑफिसात होमओनर एक्झम्प्शनचं बघा, स्वतः राहात असाल तर हक्काची सूट आहे आणि विसरलात तर उगाच जास्त भरत बसाल. किंमत जास्त लावली वाटली तर अपील करता येतं, पण मुदत ठरलेली असते. राज्याचा इन्कम टॅक्स मात्र सरसकट ४.९५ टक्के, त्यात डोकं घालायचं काही नाही.

आता हा टॅक्स जातो कुठे, तर मला जे सांगायचंय ते इथेच आहे. तुम्ही पैसे भरलेत, भाड्याने राहात असाल तर भाड्यातून भरलेत, मग जे मिळतं ते वापरा ना. पहिल्या आठवड्यात लायब्ररी कार्ड काढा, लीजची कॉपी आणि फोटो आयडी बहुतेक पुरतो. पुस्तकं तर आहेतच पण लहान मुलांचे कार्यक्रम, म्युझियमचे पास, अभ्यासाच्या खोल्या, सगळं फुकट. मग पार्क डिस्ट्रिक्टचं पुस्तक बघा, पोहणं, स्केटिंग, समर कॅम्प, रहिवाशांना वेगळा दर असतो आणि नोंदणीही आधी उघडते, समर कॅम्पची तर हिवाळ्यातच तारीख लिहून ठेवा. घरी आई-वडील किंवा जोडीदाराला इंग्रजीची भीती वाटत असेल तर ग्रेसलेकच्या कॉलेज ऑफ लेक काउंटीमध्ये मोठ्यांसाठी इंग्रजीचे वर्ग असतात, कुठला व्हिसा चालतो तेवढं आधी विचारून घ्या.

पण सगळ्यात मोठी श्रीमंती म्हणजे फॉरेस्ट प्रिझर्व्ह, काउंटीतली जंगलं आणि मोकळी जमीन जपणारी संस्था. १९५८ मध्ये लोकांनी मतदान करून ही संस्था उभी केली, एथेल अंटरमायर नावाच्या बाईंनी त्यासाठी पुढाकार घेतला होता, आणि आज ३१ हजार एकरांहून जास्त जमीन जपलेली आहे. विचार करा, बिल्डरच्या तोंडातला घास काढून घेतलाय इतक्या वर्षांपूर्वी. लिबर्टीव्हिलचं इंडिपेंडन्स ग्रोव्ह म्हणजे जुनी खडीची खाण होती, आता तळं आहे आणि भोवती चालायची वाट, पाहुणे आले की आम्ही पहिल्यांदा तिथेच नेतो. ग्रेसलेकच्या रोलिन्स सॅव्हानामध्ये आपल्या सारसाच्या कुळातले सँडहिल क्रेन दिसतात, सकाळी लवकर जा आणि दुर्बीण न्या. डेस प्लेन्स रिव्हर ट्रेल ३१ मैलांची आहे, सायकलसाठी याहून चांगलं काही नाही, फक्त वसंतात नदी चढली की पुलांखालचे रस्ते बंद असतात. गवतातून फिरून आलात की गोचिडी तपासा, मुलांच्या कानामागे आणि गुडघ्यामागे नीट बघा, लाइमचा आजार इथे खरोखर होतो.

आता तळं. लेक मिशिगन ३०७ मैल लांब आहे, पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वाळू आहे, फक्त पाणी गोडं आणि भरती-ओहोटी जाणवत नाही. म्हणून कोकणातला माणूस फसतो. भरती नाही म्हणजे धोका नाही असं मुळीच समजू नका, वारा वाढला की आत ओढणारे प्रवाह तयार होतात, आणि धक्क्याच्या किंवा भिंतीच्या कडेला तर ते जास्तच, तिथे कधीही पोहू नका. पाणीही जूनपर्यंत बर्फासारखं गार असतं, उन्हाचा दिवस आहे म्हणून पोरांना उडी मारू देऊ नका, ऑगस्टमध्ये खरी मजा येते. झायनच्या इलिनॉय बीच स्टेट पार्कला साडेसहा मैल किनारा आहे, वाळूच्या टेकड्या, आणि त्यात चक्क निवडुंग उगवतं, बर्फ पडणाऱ्या राज्यात निवडुंग बघून मुलं वेडी होतात. पण तिथे लाइफगार्ड नसतो. आणि पाटी वाचा, किनाऱ्यावर कधी कधी ॲस्बेस्टॉसचे तुकडे वाहून येतात, दगडासारखं करडं तंतुमय काही दिसलं तर हात लावू नका, कर्मचाऱ्यांना सांगा. हायलँड पार्क, लेक फॉरेस्ट, लेक ब्लफ या गावांचे बीच सुंदर आहेत पण उन्हाळ्यात बाहेरच्यांना पार्किंग महाग किंवा बंदच, आधी चौकशी करून निघा. जोराचा पाऊस पडून गेला की एक-दोन दिवस पाण्यात जायचं टाळा, काउंटीचं हेल्थ डिपार्टमेंट उन्हाळ्यात बीचवरचं पाणी तपासतं आणि जंतू जास्त सापडले की बंदी जाहीर करतं, ती बघायची सवय लावा.

आतल्या तळ्यांचं गणित वेगळं. घराच्या जाहिरातीत लेक लिहिलेलं असतं, पण बरीच तळी असोसिएशनच्या मालकीची असतात, पाण्यात उतरायचा हक्क त्या सभासदांनाच. दहा पावलांवर तळं आणि पाय बुडवायची परवानगी नाही असंही होतं, म्हणून लेक राइट्स आहेत का हे कागदावर बघा. चेन ओ लेक्सवर बोट न्यायची तर वेगळं स्टिकर लागतं. उन्हाळ्याच्या शेवटाकडे तिथल्या ग्रास लेकमध्ये अमेरिकन कमळं फुलतात, फिकट पिवळी. पहिल्यांदा बघितली तेव्हा आमच्या हिला कोजागिरीची आठवण का आली माहीत नाही, पण बोटीत सगळे गप्प झाले होते.

गाडीशिवाय इथे भागत नाही. नवीन रहिवाशाने ९० दिवसांत इलिनॉयचं लायसन्स काढायचं असतं, दुसऱ्या राज्यातून गाडी आणली असेल तर तिचं रजिस्ट्रेशन ३० दिवसांत. ऑफिसला इथे डीएमव्ही नाही तर सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणतात, लिबर्टीव्हिल आणि वॉकेगनला आहेत. आय-पास घ्याच, नाहीतर टोल दुप्पट. गाडीच्या धुराच्या एमिशन टेस्टचं पत्र आलं तर टाळू नका, टेस्ट फुकट आहे पण नाही केली तर रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण अडतं. शिकागोला जायला मेट्राच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, तीन लाइन आहेत. तळ्याच्या काठाने जाणारी युनियन पॅसिफिक नॉर्थ, लिबर्टीव्हिलवरून फॉक्स लेकला जाणारी मिलवॉकी डिस्ट्रिक्ट नॉर्थ, आणि बफेलो ग्रोव्ह-व्हर्नन हिल्सवरून अँटिओकला जाणारी नॉर्थ सेंट्रल. ही तिसरी शनिवार-रविवारी धावत नाही, हे घर घेण्याआधी लक्षात ठेवा. उन्हाळ्यात हायलँड पार्कच्या रेव्हिनिया संगीत महोत्सवाला मेट्रानेच जा, स्टेशन दारातच आहे, हिरवळीवर चटई टाकून घरचा डबा खात संगीत ऐकता येतं.

हवामानाचं एक, बातम्यांत तळ्याजवळ गार असं रोज म्हणतात ते खरं आहे, मे महिन्यात लिबर्टीव्हिलला टी-शर्टवर निघालेली माणसं वॉकेगनच्या किनाऱ्यावर कुडकुडतात. गाडीत एक जास्तीचं जॅकेट कायम ठेवा. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला भोंगा वाजतो, ती टोर्नेडोच्या सायरनची चाचणी असते, घाबरू नका. पण इतर वेळी वाजला तर बेसमेंटमध्ये जा, खिडकीशी उभं राहून व्हिडिओ काढू नका. हिवाळ्यात बऱ्याच गावांत रात्री रस्त्यावर गाडी लावायला बंदी असते, पाहुण्यांनाही सांगून ठेवा. गोठलेल्या तळ्यावर चार इंचांपेक्षा कमी बर्फ असेल तर पाय ठेवू नका, आणि कुणी दुसरा चालतोय म्हणून चालू नका. मोठी थंडी म्हणजे काय ते २०१९ च्या जानेवारीअखेर बघितलं, शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उणे २३ फॅरनहाइट होतं, शाळा बंद. असे दिवस मोजके असतात. जास्त त्रास अंधाराचा होतो, डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य जातो. तेव्हा मुलांना घेऊन ओल्ड स्कूल प्रिझर्व्हच्या टेकडीवर घसरगाडी घेऊन जा. आणि माणसांत राहा, महाराष्ट्र मंडळ शिकागोच्या कार्यक्रमांना जरा गाडी चालवावी लागते पण जा, उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची मिळून असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापनाही १९८१ मध्ये शिकागोतच झालीये, इथे आपली माणसं जुनी आहेत. अडचणीत कुठे फोन करायचा कळत नसेल तर २११ लावा, तातडीचं असेल तर ९११.

मार्च आला की फॉरेस्ट प्रिझर्व्हच्याच रायरसन वूड्समध्ये मेपलच्या झाडांना नळ्या लावून रस काढतात आणि त्याचा पाक कसा करतात ते दाखवतात. गुऱ्हाळ बघितलेल्या माणसाला ते बघायलाच हवं. नाव आधी नोंदवा, जागा पटकन भरतात, आणि बूट जुने घाला, वाटेत चिखल असतो.