इम्युनॉलॉजीत रिसर्च करायचाय? मग हे वाचा
इम्युनॉलॉजी (म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचा अभ्यास), कॅन्सर आणि श्वसनाचे आजार हे तीन वेगळे रस्ते समजू नका, फुप्फुसात तिन्ही एकत्रच भेटतात. सुरुवात फ्लो सायटोमेट्रीने (पेशींना चमकणारे रंग लावून लेसरने एकेक तपासायचं तंत्र) करा आणि ती नीट शिका, म्हणजे मेलेल्या पेशी आधी बाजूला काढायच्या, कंट्रोल (तुलनेसाठीचे नमुने) कधीच टाळायचे नाहीत, कारण फुप्फुसातले मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) मुळातच, रंग न लावताही चमकतात आणि नवखा माणूस त्यालाच खरा सिग्नल समजून बसतो. स्टॅटिस्टिक्स, थोडं कोडिंग लागतंच. पीएचडीला लॅबच्या नावापेक्षा गाईड वेळ देतात का ते तिथल्या मुलांना विचारा. आणि धीर धरा हो, जपानी शास्त्रज्ञ तासुकु होंजोंच्या लॅबने पीडी-१ (इम्युनिटीला ब्रेक लावणारं प्रोटीन) शोधला १९९२ मध्ये, नोबेल आलं २०१८ ला! पोस्टडॉकला (पीएचडीनंतरच्या रिसर्चला) आजार बदलून बघा, दम्यात नको तितकी पेटणारी इम्युनिटी ट्यूमरमध्ये कशी दबते हे बघायला मिळतं.