‘ट्रक’ची व्युत्पत्ती सांगताय? आधी या चुका टाळा

चिऱ्यांचा ट्रक, वाळूचा ट्रक, आंब्याचा ट्रक. कोकणात हा शब्द इतका रुळला आहे की तो परका वाटतच नाही. त्यामुळे त्याचं मूळ सांगायची वेळ आली की जो तो डोळ्यांसमोरची गाडी धरतो आणि तिला जुळेल अशी गोष्ट रचतो. मी रत्नागिरीत इंग्रजी आणि भाषांतर शिकवते. मुलं दरवर्षी नवी येतात, चुका मात्र त्याच असतात.

ट्रक एकच आहे असं धरून चालणं

सगळ्यात मोठी चूक ही. बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटातून येतात.

इंग्रजीत ट्रक दोन आहेत. स्पेलिंग तेच, उच्चार तोच, घराणी वेगळी.

पहिला ट्रक चाकाचा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ट्रक म्हणजे लहान चाक, विशेषतः जहाजावरच्या तोफेच्या गाड्याला बसवलेलं. तो बहुधा ‘ट्रकल’ या त्याहून जुन्या शब्दावरून आला. ट्रकल म्हणजे छोटं चाक किंवा कप्पी. त्याच्यामागे लॅटिन ‘ट्रॉक्लिया’, म्हणजे पुन्हा कप्पीच, आणि त्याच्याही मागे ग्रीक ‘ट्रोखोस’, म्हणजे चाक. हा ट्रोखोस ‘धावणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदातून निघाला. मिरकरवाड्याला किंवा हर्णैला होडीवर दोर ओढताना जी कप्पी फिरते, तीच या शब्दाची आजी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जड सामान वाहायच्या चाकांच्या गाड्याला ट्रक म्हणू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ‘मोटर ट्रक’ आला आणि थोड्याच वर्षांत त्यातला ‘मोटर’ गळून पडला.

दुसरा ट्रक देवघेवीचा. हा इंग्रजीत १२०० च्या सुमाराला आला, तो जुन्या फ्रेंचमधल्या ‘अदलाबदल करणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून. चाकाशी त्याचा काही संबंध नाही. १७७६ साली ॲडम स्मिथने माणसाच्या देवाणघेवाणीच्या स्वभावाबद्दल लिहिताना ‘ट्रक’ हे क्रियापद ‘बार्टर’च्या शेजारी वापरलं, ते याच अर्थाने. भात देऊन सुकी मासळी घेणं हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना व्यवहार. इंग्रजीत त्याला हा दुसरा ट्रक चालेल.

आता या चुकीपायी काय होतं ते सांगते. बारावीच्या भूगोलात ‘ट्रक फार्मिंग’ येतं. शहराच्या बाजारासाठी फक्त भाजीपाला पिकवण्याची शेती. पुस्तकांत आणि गाइडांत त्याचं कारण असं छापलेलं असतं की ट्रक एका रात्रीत जितकं अंतर कापतो तितक्या अंतरावर ही शेती असते, म्हणून हे नाव. एकदा वर्गात मी म्हटलं की हे नाव गाडीवरून आलेलं नाही. देवगडकडचा एक मुलगा ताडकन उभा राहिला. त्याच्या घरी आंब्याची बाग. “मॅडम, पुस्तक बरोबरच आसा. आमची गाडी सांजेक सुटता नि सकाळी वाशीक पोचता.” सगळा वर्ग त्याच्या बाजूने झाला. निम्म्या मुलांच्या घरी एप्रिल-मे महिन्यांत पेट्या भरल्या जातात, रात्रभर गाडी चालते, सकाळी मार्केटला माल उतरतो आणि मग दलालाकडून पट्टी येते. जे रोज डोळ्यांनी दिसतं ते खोटं कसं मानायचं?

मी फळ्यावर फक्त साल लिहिली. बाजारासाठी पिकवलेल्या भाजीला ‘ट्रक’ म्हणणं अमेरिकेत अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेलं होतं. गॉटलीब डायमलरची पहिली मोटर लॉरी आली १८९६ साली, चार अश्वशक्तीचं इंजिन असलेली. मध्ये शंभरेक वर्षांचं अंतर. भाजीला नाव मिळालं तेव्हा रात्रभर धावणारी मोटरगाडी जगात कुठेच नव्हती. हा ट्रक देवघेवीचा आहे. बदल्यात देण्याचा माल तो ट्रक, तशी बाजारात विकायची भाजी तोही ट्रक.

मुलगा हुशार. त्याने विचारलं, मग परीक्षेत काय लिहू? मी जे सांगितलं ते अजूनही सांगते. शेती बाजारापासून किती लांब असावी हे गाडीच्या रात्रभराच्या प्रवासावर ठरतं, असं खुशाल लिहा. ते पटण्याजोगं आहे. ‘म्हणून हे नाव पडलं’ हे वाक्य मात्र लिहू नका. गाइडवाल्यांना ते काढायला कोणी सांगत नाही याचा मला राग येतो. पाठांतराने दोन गुण मिळतात, पण चुकीचं कारण जन्मभर डोक्यात राहतं.

इंग्लंडमधला १८३१ चा ‘ट्रक ॲक्ट’ही याच घराण्यातला. मजुरांना पैशांऐवजी माल किंवा मालकाच्या दुकानात चालणारी टोकनं देऊन मजुरी भागवण्याला त्याने बंदी घातली. ‘मालवाहतूक कायदा’ असं त्याचं चुकीचं भाषांतर माझ्याकडे तपासायला आलेलं आहे. आणि ‘टु हॅव नो ट्रक विथ समवन’ म्हणजे एखाद्याशी देणंघेणं नसणं. मराठीत नेमका तोच शब्दप्रयोग तयार असताना मुलं तिथे गाडी का घालतात हे मला समजत नाही.

कोशातला पहिला अर्थ उचलून पळणं

एका सागरी किल्ल्यावरच्या कार्यक्रमासाठी स्मरणिका निघणार होती. जुन्या जहाजांविषयीचा एक इंग्रजी मजकूर भाषांतराला दिला होता आणि तो तपासायला माझ्याकडे आला. त्यात वाक्य होतं, ‘डोलकाठीच्या टोकावरील मालमोटारीतून झेंड्याची दोरी जाते.’ भाषांतर करणारा तरुण पदवीधर होता, भाषाही चांगली होती. फोनवर शब्द टाकला, पहिला अर्थ घेतला, पुढच्या ओळीला गेला. डोलकाठीच्या अगदी टोकाला एक लाकडी चकती बसवतात. तिला भोकं असतात आणि झेंड्याची दोरी त्यांतून ओवलेली असते. त्या चकतीला ट्रक म्हणतात. मुलगा कोळीवाड्यातला. त्याच्या घरी होडी आहे. घरातल्या कुणालाही विचारलं असतं की काठीच्या टोकाला काय असतं, तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं. पुढच्याच पानावर तोफेची ‘चार ट्रक’ होती. तिथे ‘चार ट्रक भरून तोफा’ असं झालं होतं. मजकूर सतराव्या शतकाबद्दलचा.

सगळी स्मरणिका थांबवून मी ती पानं नव्याने करून घेतली. आयोजक वैतागले. त्यांचं म्हणणं, एवढं कोण वाचतं? वाचणारा एक जरी असला तरी त्याला खोटं का वाचायला द्यायचं?

रेल्वेच्या मजकुरात तर हा घोळ हमखास होतो. अमेरिकन रेल्वेच्या भाषेत ट्रक म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा. आपल्याकडे तांत्रिक भाषेत त्याला बोगी म्हणतात, आणि बोलताना आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. म्हणजे दोन बाजूंनी गोंधळ. त्यात इंग्लंडमध्ये उघड्या मालडब्यालाही ट्रक म्हणत आले आहेत. एका अमेरिकन अपघाताच्या बातमीत ‘डब्याचा मागचा ट्रक रुळांवरून उतरला’ असं होतं. वर्गात त्याचं ‘डब्यामागे ठेवलेला मालट्रक घसरला’ झालं आणि कोणालाच शंका आली नाही. कारण कोकण रेल्वे १९९९ पासून रो-रो सेवेत खरेखुरे भरलेले ट्रक वॅगनवर चढवून नेते, कोलाडला ते चढताना मुलांनी पाहिलेले असतात. कोकणात दिसतं म्हणून अमेरिकेतल्या वाक्यातही ते असणार, हे गृहीत धरायचं नसतं.

माझी सवय साधी आहे. आधी मजकूर कोणत्या सालाबद्दल आहे ते बघायचं. मग कुठल्या देशाचा आणि कुठल्या धंद्याचा आहे ते. मग मोठा कोश उघडायचा, आणि शब्दाच्या डोक्यावर बारीक १, २ असे आकडे आहेत का ते पाहायचं. आकडे असले म्हणजे कोशकार सांगतोय की हे वेगळे शब्द आहेत. अर्थांपुढचे आकडे वेगळे, ते एकाच शब्दाचे पोटअर्थ. हा फरक ज्याला पहिल्या आठवड्यात कळतो तो पुढे फारसा अडखळत नाही. ज्याला तीन महिन्यांत भाषांतरकार व्हायचं असतं त्याला तो वर्षभर कळत नाही.

आवाज जुळला की नातं जोडणं

‘ट्रक म्हणजे त्रिचक्र’ हा फिरता संदेश मला दर पावसाळ्यात येतो. पाठवणारे बहुतेक भली माणसं असतात, संस्कृतवर त्यांचं प्रेम असतं. माझंही आहे, म्हणूनच सांगते. ट्रकच्या मुळाशी असलेला ग्रीक ट्रोखोस ‘धावणे’ या धातूचा. आपलं ‘चक्र’ वेगळ्या मूळ धातूचं, फिरण्याचा अर्थ असलेल्या. पण त्याच धातूतून ग्रीक ‘किक्लोस’ आला, त्यावरून इंग्रजी ‘सायकल’. इंग्रजी ‘व्हील’ही त्याच कुळातला. सायकल आणि चक्र ही खरोखरची भावंडं आहेत आणि ध्वनिबदलाच्या नियमांनी ती सिद्ध होतात. इतकं सुंदर खरं नातं हाताशी असताना त्रिचक्र कशाला जुळवायचं? सुरुवातीच्या मोटर ट्रकांना चार चाकं होती, तीन नव्हे.

आणखी काही, थोडक्यात

‘ट्रॅक’ आणि ‘ट्रक’ एका मुळाचे नाहीत. मराठीत मात्रा विसरली की दोन्ही एक होतात, एवढंच.

‘लॉरी’ हा ‘ट्रक’चा बिघडलेला उच्चार नाही. तो इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे आला आणि त्याचं मूळ कोशकारांनीही अनिश्चितच ठेवलं आहे. कोणी छातीठोकपणे एखाद्या लॉरीसाहेबाचं नाव सांगितलं तर लिहून घेऊ नका.

‘ट्रकल’ हे क्रियापद भेटलं तर गाडी हाकू नका. त्याचा अर्थ लाचारीने नमतं घेणं. मोठ्या पलंगाखाली सरकवायचा चाकांचा बुटका पलंग म्हणजे ट्रकल बेड, त्यावर नोकर झोपायचे, तिथून हा अर्थ आला.

‘टेम्पो’ म्हणजे छोटा ट्रक, हे आपल्याकडचं झालं. इंग्रजी मजकुरात तो शब्द गाडीसाठी वापरू नका, बाहेरच्या वाचकाला संगीतातली लय वाटेल. हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या तीनचाकी मालगाड्यांचं ते व्यापारी नाव. १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी स्थापन झाली, त्या गाड्या इथे बनू लागल्या आणि नाव सगळ्याच छोट्या मालगाड्यांना चिकटलं.