रो हाऊसमध्ये घरभर एकच गाणे, एकाच क्षणी: कमी खर्चातली मल्टी-रूम साउंड सिस्टीम

मल्टी-रूम सिस्टीम करताना स्पीकर किती वॉटचा आणि कुठल्या कंपनीचा यावर आठवडाभर खल होतो. सगळ्या खोल्यांतला आवाज एकाच क्षणी निघेल का, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही, आणि खरे काम तिथेच आहे. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. दोन खोल्यांतल्या स्पीकरमध्ये ३०-४० मिलिसेकंदांपेक्षा जास्त फरक पडला की मधल्या पॅसेजमध्ये प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येऊ लागतो. साध्या ब्लूटूथला दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज लागतो, आणि तो प्रत्येक स्पीकरचा वेगळा असतो. त्यामुळे चार खोल्यांत चार ब्लूटूथ स्पीकर ठेवले तर अभंग आणि त्याचा प्रतिध्वनी दोन्ही सोबतच ऐकावे लागतात.

नमुना म्हणून इथे नाशिकच्या इंदिरानगर, सिडको, पाथर्डी फाटा भागात गल्लोगल्ली दिसते तसे दुमजली रो हाऊस धरले आहे. खाली हॉल आणि त्याला लागून स्वयंपाकघर, मध्ये जिना, वर दोन खोल्या. अशा घराला सगळ्यात परवडणारी रचना म्हणजे खाली वायर आणि वर वाय-फाय. एका मजल्यावरच्या शेजारच्या दोन खोल्यांसाठी दोन वायरलेस संच घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे, आणि वरच्या मजल्यासाठी स्लॅबला भोके पाडणे म्हणजे नसता उद्योग. जुन्या नाशकातल्या किंवा पंचवटीतल्या वाड्यात गणित बदलते. तिथल्या जाड भिंतींतून वाय-फाय धड जात नाही, म्हणून प्रत्येक खोलीपर्यंत लॅन केबल न्यावी.

खालचा मजला: वायर

बाजारात ‘स्पीकर वायर’ म्हणून मिळणारी पारदर्शक वायर बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरी निघाली तर ती घेऊ नका. घराच्या वायरिंगसाठी मिळणारी तांब्याची लवचिक एफआर (आग सहज न पसरू देणारी) वायर, एक लाल आणि एक काळी, यासाठी उत्तम चालते.

जाडी अंतरावरून ठरते. जाऊन-येऊन वायरचा एकूण रोध स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांत राहिला पाहिजे. ८ ओहमच्या स्पीकरला ही मर्यादा ०.४ ओहम. या हिशेबाने एकची (म्हणजे एक चौरस मिलिमीटर जाडीची) वायर ११ मीटरपर्यंत, दीडची १७ मीटरपर्यंत आणि अडीचची सुमारे २९ मीटरपर्यंत पुरते. ४ ओहमच्या स्पीकरसाठी ही अंतरे निम्मी धरा. रो हाऊसमध्ये दीडची वायर पुरून उरते.

भिंत फोडायची नसेल तर केसिंग पट्टीतून न्या. मात्र लाइटच्या वायरी असलेल्या पट्टीत किंवा पाइपात ती घालू नका. एक तर घरघर येते, आणि दुसरे म्हणजे कुठे इन्सुलेशन सोलले तर २३० व्होल्ट थेट ॲम्प्लिफायरमध्ये शिरतात. समांतर जायचेच असेल तर फूटभर अंतर ठेवा, आणि ओलांडताना काटकोनात ओलांडा.

ॲम्प्लिफायरसाठी टीपीए३११६ चिपचा स्टीरिओ बोर्ड घ्या. हा २६ व्होल्टपर्यंत चालतो, पण २४ व्होल्टचा वेगळा पुरवठा विकत घेण्यापेक्षा जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्ट, ६५ वॉटचा अडॅप्टर वापरावा. त्यावर ८ ओहमच्या स्पीकरला प्रत्येक चॅनेलमागे २० वॉटच्या आसपास मिळतात. ८७ डेसिबल संवेदनशीलतेच्या साध्या बुकशेल्फ स्पीकरमधून तेवढ्यावर एका मीटर अंतरावर १०० डेसिबल निघतात. बारा बाय दहाच्या खोलीत हे नको तितके मोठे होते. म्हणून ‘हजार वॉट’ लिहिलेल्या खोक्यांकडे पाहूच नका. लॅपटॉपच्या अडॅप्टरची पिन बऱ्याचदा ५.५ बाय २.५ मिलिमीटरची असते आणि बोर्डाचे सॉकेट २.१ चे, त्यामुळे जोडणी सैल किंवा अशक्य होते. पिन कापून वायर थेट स्क्रू टर्मिनलला लावा, पण त्याआधी मल्टिमीटरवर प्लस-मायनस तपासा. उलटे लागले तर बोर्ड तिथल्या तिथे जातो.

हॉलची जोडी आणि स्वयंपाकघराची जोडी एकाच बोर्डवर समांतर लावता येते. ८ आणि ८ समांतर म्हणजे ४ ओहम, आणि ते या चिपला झेपते. तिसरी जोडी लावली की २.७ ओहम होतात. मग बोर्ड तापतो आणि आवाज वाढवला की बंद पडतो. जुन्या होम थिएटरचे छोटे स्पीकर वापरणार असाल तर मागचे लेबल वाचा. त्यांतले बरेच ३ किंवा ४ ओहमचे असतात आणि असे दोन समांतर लावणे धोक्याचे.

स्वयंपाकघरातला आवाज वेगळा कमी-जास्त करायला ८ ओहमचे एल-पॅड (स्पीकरच्या वायरवर बसणारे आवाजाचे बटण) लागते. इथे साधे पोटेन्शिओमीटर बसवले तर ते जळते, कारण ते एवढ्या करंटसाठी बनलेलेच नसते. स्टीरिओला दोन चॅनेलचे एल-पॅड घ्या आणि त्यावरचे वॉट ॲम्प्लिफायरपेक्षा कमी नाहीत ना ते पाहा.

आणखी एक गोष्ट इलेक्ट्रिशियनला आधीच सांगून ठेवा. या बोर्डावर डाव्या-उजव्या स्पीकरची मायनस टोके एकमेकांना जोडायची नाहीत आणि अर्थिंगलाही लावायची नाहीत. चारही टोकांवर आवाजाचा सिग्नल असतो. वायर वाचवायला तीन तारांत काम उरकले की चिप उडते. दरवाजाच्या बेलच्या वायरिंगची सवय असलेल्या माणसाकडून ही चूक हमखास होते.

वरचा मजला: वाय-फाय

वरच्या प्रत्येक खोलीला लागणारे सामान असे: एक रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू हा तळहाताएवढाही नसलेला संगणक, पुढे नुसता ‘पाय’ किंवा ‘झिरो’ (पिना लावलेला मिळाला तर सोल्डरिंग वाचते), ८ किंवा १६ जीबीचे मेमरी कार्ड, ५ व्होल्ट २.५ अँपियरचा अडॅप्टर, पीसीएम५१०२ चा डॅक बोर्ड (डिजिटल गाण्याचा ॲम्प्लिफायरला चालणारा सिग्नल करणारा), वर सांगितलेला ॲम्प्लिफायर बोर्ड, लॅपटॉप अडॅप्टर आणि स्पीकरची जोडी. स्पीकर सोडून एका खोलीचा खर्च साधारण चार ते पाच हजारांत बसतो. बोर्डांचे भाव वरखाली होत असतात. अडॅप्टर, वायर, पिना एम. जी. रोड परिसरात मिळून जातील. डॅकसारखे बोर्ड मात्र ऑनलाइन मागवावेत किंवा कोणी मुंबईला जाणार असेल तर लॅमिंग्टन रोडवरून आणवावेत.

झिरोला हेडफोनचे भोक नाही, म्हणून डॅक लागतो. जोडणी पाच तारांची आहे. डॅकचा व्हीआयएन पायच्या २ नंबरच्या पिनला, ग्राउंड ६ ला, बीसीके १२ ला, एलसीके ३५ ला आणि डीआयएन ४० ला. एससीके हा डॅकवरच ग्राउंडला जोडायचा असतो. बोर्डावर त्यासाठी सोल्डरचा छोटा पूल असतो, तो बहुतेक वेळा उघडाच येतो. जांभळ्या डॅक बोर्डाच्या पाठीमागे सोल्डरने जोडायच्या आणखी चार जागा असतात: १, २ आणि ४ ‘लो’ला, ३ ‘हाय’ला. तिसरी राहिली तर डॅक म्यूटमध्ये अडकतो, आणि सगळे बरोबर असूनही आवाज का येत नाही ते शोधण्यात पूर्ण रविवार जातो.

सगळ्या खोल्यांना गाणी पाठवणाऱ्या सर्व्हरसाठी एक जुना पाय ३बी पुरतो. तो खाली राउटरजवळ ठेवा आणि लॅन केबलनेच जोडा. वाय-फायवर ठेवला तर प्रत्येक गाणे हवेतून दोनदा जाते, एकदा सर्व्हरपासून राउटरपर्यंत आणि पुन्हा राउटरपासून खोलीपर्यंत. याच पायला डॅक लावून हॉलचा ॲम्प्लिफायरही चालवता येतो, म्हणजे खाली वेगळा संच लागत नाही. त्यावरच्या आवाजासाठीही डॅकच वापरा. ३बीच्या स्वतःच्या हेडफोन सॉकेटचा आवाज खरखरीत आहे.

सॉफ्टवेअर

सगळ्या पायवर पायकोरप्लेअर टाका (पायला म्युझिक प्लेअर बनवणारी छोटी प्रणाली), आणि सर्व्हरवर त्याच्यासोबत गाणी वाटणारा लिरियन म्युझिक सर्व्हर. लॉजिटेकचे स्क्वीझबॉक्स हे नेटवर्कवरून गाणी वाजवणारे प्लेअर २०१२ च्या सुमारास बंद झाले, पण त्यांचा सर्व्हर हौशी लोकांनी जिवंत ठेवला. तोच आता लिरियन नावाने चालतो. दोन्ही फुकट आहेत आणि जवळजवळ सगळे काम ब्राउझरमधून होते. पायकोरप्लेअर निवडण्याचे मोठे कारण आपल्याकडची वीज. तो सुरू झाल्यावर पूर्ण मेमरीत चालतो, कार्डावर लिहीत नाही. त्यामुळे वळवाच्या पावसात वीज दहादा गेली तरी वरच्या खोल्यांची कार्डे खराब होत नाहीत. सर्व्हर मात्र कार्डावर लिहितो. तो आणि राउटर इन्व्हर्टरवर ठेवा.

पायकोरप्लेअरची इमेज (डाउनलोड केलेली फाइल) कार्डावर उतरवल्यावर बूट विभागात वाय-फायची एक नमुना फाइल दिसते. तिच्यात नेटवर्कचे नाव, पासवर्ड आणि भारताचा देशकोड भरा आणि फाइलच्या नावातला शेवटचा ‘सॅम्पल’ काढून टाका. पाय सुरू झाला की राउटरच्या पानावर त्याचा पत्ता सापडतो. तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडा, स्क्वीझलाइटच्या (त्यातल्या गाणी वाजवणाऱ्या भागाच्या) सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून ‘हायफायबेरी डॅक’ निवडा, प्लेअरला खोलीचे नाव द्या, सेव्ह करून रीबूट करा. सर्व्हरच्या कार्डावर आधी फाइल सिस्टीमचा आकार वाढवा, मगच लिरियन बसवा. हा क्रम उलटला तर जागा अपुरी पडून इन्स्टॉलेशन अर्धवट राहते. गाण्यांचा पेन ड्राइव्ह सर्व्हरला लावा. राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता कायमचा राखून ठेवा, नाहीतर महिन्याभराने फोनवरचा बुकमार्क चालेनासा होतो.

आता फोनवर सर्व्हरचा पत्ता आणि पुढे पोर्ट ९००० टाकून पान उघडा. मटेरियल स्किन हे प्लगइन घातले की मोबाइलवर सगळे नीट दिसते आणि आजीलाही वापरता येते. प्लेअर एकत्र जोडले की एकच गाणे सगळीकडे वाजते, तरी प्रत्येक खोलीचा आवाज वेगळा ठेवता येतो. पहाटे देवघरापाशी भूपाळी आणि वरच्या खोलीत शांतता, हेही जमते.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. स्वतःची गाणी आणि इंटरनेट रेडिओ यांसाठी ही रचना फार चांगली आहे. फोनवरच्या कुठल्याही ॲपचा आवाज एका बोटाने घरभर पाठवणे हीच तुमची मुख्य गरज असेल, तर गूगलच्या नेस्ट मिनीसारखे छोटे स्मार्ट स्पीकर घेऊन त्यांचा स्पीकर ग्रुप करणे जास्त सोयीचे. आवाजाचा भरदारपणा मात्र त्यातून मिळणार नाही.

ताल जुळवणे

सगळ्या खोल्यांत टाळ किंवा तबल्याचा ठळक ठेका असलेले गाणे लावा आणि जिन्याच्या मध्यावर उभे राहा. चारही ठिकाणी हेच संच असतील तर बहुधा काही करावे लागत नाही. एखाद्या खोलीत आवाज टीव्हीतून किंवा साउंडबारमधून काढला असेल तर तिथे फरक पडतोच, कारण ती उपकरणे आवाजावर स्वतःची प्रक्रिया करतात. त्या प्लेअरच्या सिंक्रोनायझेशन सेटिंगमध्ये उशिराची किंमत दहा-दहा मिलिसेकंदांनी बदलत जा. शेवटचा बदल नेहमी कानाने ठरवा, आणि दोन खोल्यांच्या बरोबर मध्ये उभे राहूनच. एका स्पीकरजवळ उभे राहिलात तर अंतरामुळेच फसाल.

स्पीकरची जागा

रो हाऊसच्या सामाईक भिंतीवर स्पीकर ठोकू नका. बास विटांतून थेट शेजारच्या घरात जातो. स्पीकर आतल्या भिंतीकडे, कोपऱ्यापासून दूर, रबरी पायांवर ठेवा. निवासी भागात कायद्याने दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. स्वयंपाकघरात गॅसच्या वर स्पीकर लावला तर फोडणीची वाफ आणि तेल त्याचे पडदे चिकट करतात. समोरच्या भिंतीवर लावा आणि कागदी ऐवजी पॉलिप्रॉपिलीनचा कोन असलेला निवडा. पावसाळ्यातल्या दमट हवेतही तोच टिकतो.

स्वयंपाकघरात एकच स्पीकर हवा असेल तर तिथे वेगळा पाय आणि ॲम्प्लिफायर लागतो. मग डॅकचे डावे-उजवे आउटपुट नुसते एकत्र जोडू नका. प्रत्येक चॅनेलला एक किलोओहमचा रेझिस्टर लावून मग जोडा आणि ॲम्प्लिफायरला द्या.

काय बिघडते आणि का

गाणे बंद असतानाही बारीक शिटी किंवा किणकिण येत असेल तर पाय आणि ॲम्प्लिफायर एकाच पुरवठ्यावर चालत असतील. एका अडॅप्टरवरून छोट्या कन्व्हर्टरने ५ व्होल्ट काढण्याचा मोह अनेकांना होतो, आणि हा आवाज तिथूनच येतो. दोन वेगळे अडॅप्टर वापरा. तरीही जाड घरघर राहिली तर डॅक आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये ३.५ मिलिमीटरचा ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. तो स्वस्त मिळतो.

चालू करताना स्पीकरमध्ये ‘धप्प’ होत असेल तर पाय आधी आणि ॲम्प्लिफायर नंतर चालू करा. बंद करताना उलटा क्रम.

एक खोली मधूनच गप्प होत असेल तर आधी डबा पाहा. धातूच्या डब्यात ठेवलेल्या झिरोचे वाय-फाय जवळजवळ मरते. झिरो फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणून राउटरवर ती पट्टी चालू ठेवा आणि चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी शेजाऱ्यांची गर्दी कमी असेल तो कायमचा निवडा. नेटचा वेग वाढवून उपयोग नाही, कारण सीडीच्या दर्जाच्या गाण्याला एका खोलीमागे जेमतेम १.४ मेगाबिट लागतात आणि ते घरातल्या घरातच फिरतात. अडचण असते ती स्लॅब आणि सळयांची. राउटर टीव्हीमागून काढून जिन्याजवळ उंचावर ठेवला तर बहुतेक घरांत हा त्रास थांबतो. तिथेही थांबला नाही, तर जिन्याच्या कडेने एक लॅन केबल वर नेऊन दुसरा ॲक्सेस पॉइंट लावा. रिपीटर घेऊ नका, तो हवेतली वाहतूक दुप्पट करतो.

बास पोकळ वाटत असेल आणि गायकाचा आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नसेल, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली आहे. एका बाजूची टोके बदलून पाहा. दीड व्होल्टच्या सेलने तपासायचे असेल तर ॲम्प्लिफायरकडची टोके सोडवून क्षणभर सेल लावा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन बाहेर उचलला जातो.