अमेरिकेत पहिलं रिव्हॉल्व्हर घ्यायचंय? सातारा-सांगलीच्या पोरांनो, आधी व्हिसा बघा

तिकडं पोचून सहा महिने होत नाहीत तोवर आपल्याकडची पोरं शूटिंग रेंजवर जायचं ठरवतात. त्यात नवल काही नाही, कोणी सातारच्या सैनिक स्कूलचं असतं, कोणी कराड-सांगलीच्या कॉलेजात एनसीसीत .२२ रायफल मारलेली असते, कोणाच्या घरी आजोबांची लायसनची बारा बोअर असते. मी टेक्सासला बरीच वर्षं आहे, आत्ता दसऱ्याला साताऱ्यात आलोय, आणि ओळखीतली जी पोरं आता निघणारेत ती सगळी हेच विचारतायत की काका, रिव्हॉल्व्हर कुठलं घेऊ. त्याच्या आधीचा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून तोच पहिला सांगतो.

तुम्ही एच-१बी, एल-१ (नोकरीचे), एफ-१ (शिक्षणाचा) किंवा एच-४ (एच-१बीवाल्याच्या बायकोपोरांचा) व्हिसावर असाल तर फेडरल म्हणजे तिथल्या केंद्राच्या कायद्यानं बंदूक आणि काडतूस, दोन्ही जवळ बाळगायला बंदी आहे. ग्रीन कार्ड (कायम राहायची परवानगी) असेल तर घेता येतं. व्हिसावाल्यांना काही थोडे अपवाद आहेत, त्यातला आपल्या उपयोगाचा एकच, तिथल्या कुठल्यातरी राज्याचं हंटिंग लायसन, तेही मुदतीतलं. आणि रेंजवरची भाड्याची बंदूक थोडीच माझ्या नावावर आहे असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका, हातात घेऊन झाडली तरी कायद्याच्या लेखी तो ताबाच. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देशाबाहेर काढू शकतात, म्हणजे नोकरी, घर, पोरांची शाळा सगळंच गेलं. इमिग्रेशनच्या वकिलाला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

ग्रीन कार्ड आलं की मग लायसन असलेल्या डीलरकडं जायचं. हँडगनसाठी (रिव्हॉल्व्हर, पिस्तूल) डीलरकडं वय २१ पूर्ण लागतं, आणि ज्या राज्यात राहता तिथंच घ्यायचं. फोटो आयडीवरचा पत्ता आत्ताचा हवा, घर बदललं असेल तर तो आधी बदलून घ्या. बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म ४४७३ भरायचा, त्यात ग्रीन कार्डवरचा ए-नंबर घालायचा, मग दुकानदार बॅकग्राउंड चेक करतो, बऱ्याचदा काही मिनिटांत होतो, कधी अडकला तर दिवस जातात, तेव्हा काउंटरवर हुज्जत घालू नका. फॉर्मवर गांजाचा प्रश्न आहे, तुमच्या राज्यात गांजा चालत असला तरी फेडरल कायद्यात चालत नाही, खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाववाल्या मित्राला व्हिसामुळं घेता येत नाही म्हणून स्वतःच्या नावावर त्याच्यासाठी घेऊ नका, कितीही जवळचा असला तरी, हा तिकडं गंभीर गुन्हा आहे आणि त्यात दोघंही अडकता. हे झालं फेडरलचं, राज्याचे नियम त्याच्यावर. कॅलिफोर्नियात सेफ्टी सर्टिफिकेट आणि १० दिवस थांबणं, न्यू जर्सीत परमिट, इलिनॉयमध्ये वेगळं ओळखपत्र, तुमच्या राज्याचं बघून घ्या.

आता कुठलं घ्यायचं. माझं मत ठाम आहे, पहिलं .२२ एलआर घ्या, म्हणजे छोट्या, हलक्या काडतुसाचं. गोळ्या स्वस्त, धक्का जवळजवळ नाही, त्यामुळं दचकायची सवयच लागत नाही, आणि ती एकदा लागली की काढायला फार त्रास होतो. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ६१७ टार्गेटसाठी सुंदर आहे, पूर्ण स्टीलचं, जड, सिलिंडरमध्ये (गोळ्यांच्या फिरत्या चाकात) १० गोळ्या. मोठंच हवं असेल तर त्यांचंच ६८६ नाहीतर रुगरचं जीपी१००, दोन्ही .३५७ मॅग्नम ह्या जोरदार काडतुसाची, आणि त्यात .३८ स्पेशल हे हलकं काडतूसही चालतं म्हणून सुरुवात हलक्या गोळीनं करता येते. उलटं मात्र चालत नाही, .३८ च्या रिव्हॉल्व्हरला .३५७ घालायचं नाही. बॅरल ४ ते ६ इंच, मागची साइट (नेम धरायची खाच) ॲडजस्ट होणारी. खिशात मावणारं, छोट्या नळीचं, वजनाला हलकं रिव्हॉल्व्हर दुकानात फार गोड वाटतं पण हाताला मार बसतो आणि नेम लागत नाही, पहिल्यांदा ते नकोच. जुनं घेत असाल तर ते रिकामं असल्याची खात्री करून, दुकानदाराला विचारून हॅमर (मागचा घोडा) सावकाश मागं ओढून बघा, दरवेळी सिलिंडर जागेवर येऊन घट्ट बसलं पाहिजे, खूप हलत असेल तर सोडून द्या.

रेंजवर पहिल्या दिवशी इन्स्ट्रक्टर घ्या, पैसे वसूल होतात. कानाला प्लग आणि वरून मफ, डोळ्यांना चष्मा. कागद ५-७ यार्डांवर लावा, लांब लावून मिरवण्यात काही नाही. सिलिंडर आणि बॅरलच्या मधल्या फटीतून गरम गॅस बाजूला उडतो म्हणून बोट किंवा अंगठा तिथं पुढं कधीच न्यायचा नाही, पिस्तूल मारलेल्यांना हे मुद्दाम सांगावं लागतं. आवाज नुसताच फुस्स झाला तर थांबा, गोळी नळीत अडकलेली असू शकते, पुढची मारली तर बॅरल फुटेल. आणि काडतूस उडलंच नाही तर तोंड टार्गेटकडंच ठेवून निदान ३० सेकंद थांबा.

बाकी मजा म्हणाल तर ती सिंगल ॲक्शनमध्ये आहे. अंगठ्यानं हॅमर मागं घ्या, पुढच्या साइटवर नजर रोवा, कागद थोडा अंधूक दिसू दे, श्वास अर्धा सोडा आणि ट्रिगर असा हळूहळू दाबत राहा की गोळी कधी सुटली ते तुमचं तुम्हालाच कळू नये. तालमीत जोर-बैठका मारताना वस्ताद घाई करू देत नाही तसंच हे. पहिले बरेच दिवस भोकं कागदभर पसरतात, मग एक दिवस पाच-सहा भोकं हाताच्या पंज्याखाली झाकली जातात, आणि तेव्हा आठवडाभराची ऑफिसची कटकट डोक्यातून पार निघून गेलेली असते. मला तिकडं परक्या गावात सुरुवातीच्या काळात ह्याचा फार आधार वाटला, रेंजवरची म्हातारी माणसंही स्वतःहून शिकवायला येतात.

घरी आल्यावर आधी हात-तोंड साबणानं धुवा, कपडे बदला, मग पोरांना जवळ घ्या, शिशाची धूळ अंगावर येते. रिव्हॉल्व्हर रिकामं करून कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. खंडेनवमीला पूजेत ठेवणार असाल तर सिलिंडर उघडून, रिकामं बघून, दुसऱ्या कोणालातरी दाखवून ठेवा, आणि काडतुसं त्या खोलीतसुद्धा नकोत.

आणि गावी येताना रेंजची बॅग, रेंजचं जॅकेट काही आणू नका. कप्प्याच्या शिवणीत एक काडतूस राहिलं तरी विमानतळावरच्या मशीनवर दिसतं आणि आपल्याकडं १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, तेवढ्या एका गोळीपायी सुट्टी पोलीस स्टेशन आणि कोर्टाच्या फेऱ्यांत जाते. विमानासाठी बॅग वेगळीच ठेवा, आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की ती रेंजवर न्यायची नाही.