दूधदूत नेमताय? गावात जाण्याआधी या चुका टाळा

मोहोळ तालुक्यातल्या एका गावात आम्ही दूधधंद्याचा मेळावा ठेवला होता. मांडव, खुर्च्या, कर्णा, फ्लेक्स, कशाची कमी नव्हती. वेळ सकाळी अकराची, महिना फेब्रुवारी. समोरची माणसं मोजली तर तेवीस भरली. त्यातली सात आमचीच, चार मांडववाल्याची, आणि उरलेल्यांत निम्म्यांनी धार काढून वर्षं लोटलेली. बाकीचं गाव कुठं होतं? शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, काढणीला. येताना गाडीतून रानं माणसांनी भरलेली दिसली होती, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला परतीच्या वाटेवर.

त्यानंतर आम्ही मांडवाचा नाद सोडला आणि गावातलंच एखादं माणूस दूधदूत म्हणून, म्हणजे शेजाऱ्यांना गोठ्यावर जाऊन दूधधंद्यातलं सांगणारं-दाखवणारं माणूस म्हणून, उभं करायला लागलो. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या पशुसखी बऱ्याच अंशी हेच काम करतात. यात चुका कमी झाल्या असं म्हणणार नाही, फक्त त्या लवकर कळायला लागल्या. सोलापूर जिल्ह्यात किंवा आसपास कोणी हे काम हाती घेणार असेल तर निदान आमच्या चुका पुन्हा करू नये, म्हणून हे लिहितोय.

मोठा गोठा बघून दूत निवडणं

पहिल्या वर्षी आम्ही निवडलेला दूत म्हणजे चाळीस संकरित गायी, दूध काढायचं मशीन आणि मुक्त गोठा (जनावरं न बांधता मोकळी ठेवायचा) असलेला तरुण शेतकरी. माणूस चांगला, बोलायला गोड. लोक गोठा बघायला आले, चहा प्याले, फोटो काढले आणि जाताना म्हणाले, “त्यांचं काय, त्यांना परवडतंय.” पुढच्या सहा महिन्यांत त्या गावात एकाही गोठ्यात बदल झाला नाही. चाळीस गायींवाल्याकडून दोन गायींवाला शिकत नाही. तो कौतुक करतो आणि घरी जातो.

दुसऱ्या गावात चुकूनच बरोबर माणूस सापडलं. दोन गायी आणि एक म्हैस असलेल्या एक मावशी. त्यांचं नाव कुणी सुचवलं नव्हतं. आम्ही दुसऱ्याच घरी गेलो होतो, तिथं घरधनी म्हणाला, “त्या मावशींची गाय उलटत नाही बघा कधी.” म्हणजे रेतन केलं की गाभण राहते. मग त्यांच्या ओसरीवर गेलो. भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं, त्यात तारखांच्या चौकटींत पेनानं ‘मा’ लिहिलेलं. मा म्हणजे माज, गाय फळवण्याजोगी होते ती वेळ. तिथून एकवीस दिवस मोजून पुढच्या चौकटीत बारीक टिंब. टिंबाच्या आदल्या दिवसापासून गायीवर नजर. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हशीच्या चौकटीला दोन टिंबं होती. का, विचारलं. “म्हैस मुका माज करती. वरडत न्हाई. रात्री उठून बघावं लागतं.”

हे ज्ञान पुस्तकात आहेच. पण गावानं ते त्या भिंतीवर बघितलं आणि वर्षभरात आणखी काही घरांतल्या कॅलेंडरवर ‘मा’ उमटला. म्हणून दूत निवडायचा तर सरपंचांना विचारू नका, डेअरीवर संध्याकाळी दूध घालायला आलेल्या चार बायकांना विचारा: गाय अडली तर तुम्ही आधी कुणाकडं जाता? दोनतीन वेळा जे नाव येईल तेच. आणि हो, बायकांनाच विचारा. शेण, वैरण, पाणी, धारा ही कामं बहुतेक घरांत त्या करतात, आणि सभेला मात्र येतात पुरुष. आमच्या पहिल्या यादीत बारापैकी अकरा दूत पुरुष होते, यावर आता हसू येतं.

पंधरा गुणिले तीनशे पासष्ट

सगळ्यांत महागात पडलेली चूक ही. प्रचारात हिशेब सांगितला जातो तो असा: गाय रोज पंधरा लिटर देते, लिटरला तीस रुपये धरा, वर्षाचे झाले १,६४,२५०. फ्लेक्सवर हा आकडा झकास दिसतो. आमच्याही एका फ्लेक्सवर होता. त्या भरवशावर एकानं कर्ज काढून दोन गायी आणल्या, आणि सहाव्या महिन्यात मला गाठून म्हणाला, “साहेब, तुमची गाय पंधरावरनं आठावर आली. माझा हप्ता आठावर येत न्हाई.”

त्याचं चुकलं नव्हतं. पंधरा लिटर हे गायीचं शिखर. व्याल्यानंतर दीड-दोन महिन्यांत ती तिथं पोचते आणि मग उतरते. वेत, म्हणजे एकदा व्याल्यानंतरचा दुधाचा काळ, साधारण ३०५ दिवसांचं, त्यानंतर पुढच्या वेताआधी दोन महिने तिला आटवायचं, म्हणजे दूध काढणं थांबवायचं असतं. जुना ठोकताळा सोपा आहे: शिखराच्या दुधाला दोनशेनं गुणा. पंधरा गुणिले दोनशे, तीन हजार लिटर. तीस रुपयांनी नव्वद हजार. फ्लेक्सवरच्या आकड्यापेक्षा पाऊण लाखानं कमी! आणि तेही दोन वेतांतलं अंतर बारा-तेरा महिन्यांचं राहिलं तर. गाय एकदा उलटली की एकवीस दिवस गेले, तीनदा उलटली की दोन महिने. त्या दिवसांत ती वैरण खातेच. दूधधंद्याच्या खर्चातले साठ-सत्तर टक्के तर चाऱ्यापेंडीवरच जातात.

दूताच्या तोंडी हा दुसरा हिशेब पाहिजे. लोक घाबरतील असं आमच्या वरिष्ठांना वाटायचं. काही घाबरलेही. त्यांनी गाय घेतली नाही, आणि बरं झालं. ज्यांनी घेतली त्यांनी आटलेल्या दिवसांची तजवीज आधीच केली: एक गाय दुधात, एक गाभण, अशी पाळी लावून. त्या कर्जवाल्या गड्याकडं मी अजूनही जातो. त्याचे हप्ते फिटले, पण त्यासाठी त्याला एक गाय विकावी लागली. फ्लेक्सवरचा तो आकडा ज्यानं लिहून दिला होता, तो मीच.

वेळ, वार आणि भाषा

यावर फार लांबण लावत नाही. सकाळी पाच ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात गोठेवाल्याला बोलावू नका. रविवारी सांगोल्याकडं सभा नको, त्या दिवशी तिथं जनावरांचा बाजार असतो. उलट बाजारातच जाऊन उभं राहणं फायद्याचं. शाळूची काढणी, उसाची तोड, आषाढी-कार्तिकीचे दिवस वहीत आधीच लाल करून ठेवा. आम्हाला जमलेली वेळ म्हणजे संध्याकाळच्या धारा झाल्यावर, डेअरीच्या कट्ट्यावर, वीस मिनिटं. दहा दिवसांचं बिल मिळतं त्या दिवशी तर सगळेच तिथं हजर असतात.

भाषेचा घोळ मात्र सांगतो. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या पट्ट्यात घरात कन्नड चालते. तिथं आमची पत्रकं गेली ‘स्तनदाह नियंत्रण’ आणि ‘लिंगवर्गीकृत रेतमात्रा’ अशा मथळ्यांची. एका आजींनी पत्रक उलटसुलट करून बघितलं आणि त्यावर भाकरीचं पीठ चाळलं. आमच्या तिथल्या दूतानं मग पत्रक बाजूला ठेवलं, कासेला हात लावून दाखवला, “दगडी” (कासेच्या सुजेचा आजार, तोच स्तनदाह) म्हणाला आणि पुढचं सगळं कन्नडमध्ये सांगितलं. मराठी गावांतही ‘स्तनदाह’ म्हणून कोणी डॉक्टरला फोन करत नाही. मादी वासराची शक्यता नव्वद टक्क्यांच्या घरात नेणारी रेतमात्रा लोक ‘कालवडीचं इंजेक्शन’ म्हणून ओळखतात. तेच म्हणा.

सगळ्या तालुक्यांना एकच औषध

माळशिरस, पंढरपूर, माढा या उसाच्या भागात जनावराच्या पुढ्यात काय असतं ते बघा: वाढे, उसाचे हिरवे शेंडे. हंगामात फुकट किंवा स्वस्त मिळतात, म्हणून सकाळी वाढे, संध्याकाळी वाढे. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, मग गाय व्याली की बसते, दूध घटतं, माजही नीट दिसत नाही. तिथं दूतानं नव्या गायीचा प्रचार करायचा की आधी कडब्याची (ज्वारीच्या वाळल्या ताटांची) कुट्टी मिसळायला आणि रोज पन्नासेक ग्रॅम खनिज मिश्रण द्यायला सांगायचं? उत्तर उघड आहे, तरी आमची पहिली दोन वर्षं प्रचारातच गेली.

सांगोला-मंगळवेढ्याकडं गोष्ट उलटी. तिथल्या लोकांनी दुष्काळात चारा छावण्यांत जनावरं जगवली आहेत. त्यांना मुरघासाचं, म्हणजे हवाबंद मुरवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याचं, महत्त्व पटवायला लागत नाही, फक्त मका नेमका कधी कापायचा ते दाखवावं लागतं: दाणा चिकात आला की, वाळू न देता. कुट्टी करून दाबून, हवा कोंडून भरली की दीड-दोन महिन्यांनी उघडायची. बॅगेला उंदरानं भोक पाडलं तर चिकटपट्टी त्याच दिवशी लावायची, उद्या नको.

याच भागात मी स्वतः एक मूर्खपणा केला. सभेत म्हणालो, “जुन्या म्हशी काढा, संकरित गायी आणा.” मागच्या रांगेतला एक म्हातारा उठला आणि निघून गेला. त्याच्या दारात पंढरपुरी म्हैस होती, तलवारीसारखी शिंगं पार खांद्यामागं गेलेली. ही म्हैस याच मुलखातली आहे, उन्हाला आणि निकृष्ट वैरणीला टिकते आणि वेळेवर गाभण राहते. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याखाली धापा टाकणाऱ्या होल्स्टिन संकरित गायीपेक्षा त्याला ती परवडत होती. त्याची समजूत काढायला मला तीनदा त्याच्या वस्तीवर जावं लागलं. तिसऱ्या खेपेला त्यानं चहा दिला.

अफवा आली तेव्हा गप्प बसणं

२०२२ मध्ये लम्पी हा गुरांचा त्वचारोग आला. जनावरांचे बाजार बंद झाले आणि दोन दिवसांत शहरात बोलवा झाली की गायीचं दूध पिऊ नका. सोलापुरात रतीब बंद केलेली घरं मला माहीत आहेत. आमचे दूत वरून सूचना येण्याची वाट बघत बसले, आम्हीही बसलो. खरं तर सांगण्यासारखं तेव्हाच होतं: हा आजार माणसाला होत नाही, दूध नेहमीसारखं उकळून प्या, आणि निरोगी जनावरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचून घ्या. ही तीन वाक्यं पहिल्या दिवशी गेली असती तर काही घरांचं तरी दूध ओतून द्यावं लागलं नसतं.

जनावराच्या कानात मारतात त्या ओळख क्रमांकाच्या बिल्ल्याचंही तसंच. ‘बिल्ला मारला की गाय दूध चोरते’ ही समजूत आम्ही हसून सोडून दिली. मग २०२४ मध्ये राज्य सरकारनं गायीच्या दुधाला लिटरमागं पाच रुपये अनुदान दिलं, पुढं ते सात झालं, आणि त्यासाठी बिल्ल्याची ऑनलाइन नोंद लागली. ज्यांनी बिल्ला टाळला होता ते धावपळ करत राहिले. हसण्यावारी नेलेली अफवा अशी अंगाशी येते.

दूताला दुकानदार किंवा डॉक्टर बनवणं

मानधन वेळेवर देता येत नाही, म्हणून एका वर्षी आम्ही दूतांना एका खाद्य कंपनीच्या पेंडीवर पोत्यामागं कमिशन लावून दिलं. तीन महिन्यांत पोती खपली आणि दूत संपले. गायीला काहीही होवो, दूताचं उत्तर एकच: ही पेंड घाला. लोक त्याला लांबून बघून वाट बदलायचे. मानधन थोडं द्या, पण ठरल्या तारखेला द्या आणि विक्रीपासून त्याला लांब ठेवा.

इंजेक्शनची सुई दूताच्या हातात देऊ नका. त्याचं काम ओळखण्याचं: दगडी ओळखायला थोडं दूध तपासणीच्या द्रावणात घालून घट्ट होतंय का बघणं, धार काढल्यावर गाय अर्धा तास उभी राहील म्हणून पुढ्यात वैरण टाकायला सांगणं, आणि पुढचं दिसलं की १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन लावणं.

अडलं तर

डेअरीच्या भावावरून लोक दूतालाच शिव्या देतात. भाव त्याच्या हातात नाही, हे त्यानं पहिल्यांदा कबूल करावं. पण फॅट का लागत नाही ते तो दाखवू शकतो. शेवटच्या धारांत फॅट जास्त असते. त्या धारा वासराला सोडायच्या आणि सुरुवातीचं पातळ दूध किटलीत घालायचं, असं बऱ्याच घरांत चालतं. वासराला आधी पाजा, शेवटच्या धारा किटलीत येऊ द्या. सुकी वैरण कमी आणि पेंड जास्त असेल तरी फॅट उतरते. आठवडाभर करून बघायला सांगा, डेअरीची चिठ्ठीच बोलते.

दूताची वही कोरी येते. मग आपण काय विचारतो ते तपासा. आम्ही ‘उपस्थिती’ आणि ‘फोटो’ असे रकाने दिले होते. ते भरून यायचे, पण त्यात गाय कुठंच नव्हती. आता चारच रकाने आहेत: माजाची तारीख, रेतनाची तारीख, तीन महिन्यांनी तपासलं तर गाभण की रिकामी, आणि नवीन वासराला पहिल्या दोन तासांत चीक पाजला का. शेवटचा रकाना मावशींनी सुचवला. पहिला चीक खरवसाला जातो आणि वासरू हगवणीनं जातं, असं त्यांनी तीन घरांत बघितलं होतं.

दूत चार महिन्यांनी गळतो. बहुधा तो एकटा पडलेला असतो. दोन गावांचे दोन दूत जोडून द्या आणि महिन्यातून एकदा एकमेकांच्या गोठ्यावर पाठवा, आपली गाडी न पाठवता. एसटीचं भाडं त्याच दिवशी हातात द्या.